सोफ्याच्या पोटातलं

आमच्या भाऊजींच्या तोंडात दिवसभर खिळे असतात. हे मी रागाने म्हणत नाही. ते जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतात. कापड ताणण्यात दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा, अशी त्या धंद्याची जुनी पद्धत. आता खिळे ठोकायची बंदूक मिळते, त्यांच्याकडेही आहे, पण जुन्या लाकडावर ते हातोडीच चालवतात. त्यामुळे सकाळपासून गिऱ्हाइकाला "हूं" आणि "उंहूं" याखेरीज काही ऐकायला मिळत नाही, आणि दिवसभर साचलेलं सगळं बोलणं संध्याकाळी माझ्या ताईच्या अंगावर पडतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको. लग्न झाल्यापासून तिने स्प्रिंगा, काथ्या आणि फोम यांच्याबद्दल इतकं ऐकलंय की झोपेत उठवलं तरी ती खुर्ची उसवून दाखवेल. एकदा जेवताना एका आरामखुर्चीच्या सैल पट्ट्याचं आख्यान इतकं लांबलं की तिने त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणाली, हे ऐकायला जगात कुणीतरी तरसलेलं असेल, त्याला शोधा आणि मला सोडा. मी तिथेच होते. मी दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते, तिथे ठणकत्या दाढा धरून बसलेली माणसं फोनवर काय वाटेल ते वाचतात हे मी रोज बघते. मी म्हटलं, भाऊजी, ब्लॉग लिहा. आणि जेवण उरकायच्या आत उघडूनही दिला. त्या साइटवर प्रत्येक लेखाखाली एक बटण असतं, लेख आवडला तर वाचक ते दाबून लेखकाला थोडीफार टिप देतो. ते बटण दिसल्यावर भाऊजींचे डोळे असे लकाकले की ताई नुसतं "झालं" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पहिल्या लेखाचं नाव होतं 'फोमची घनता: काही विचार'. विचार बरेच होते. वाचक तीन. एक मी, दुसरी आमच्या दवाखान्यातली नर्स, जिला मी धरून वाचायला लावलं, आणि तिसरा परदेशातला कुणीतरी, जो बहुधा वाट चुकला असावा. भाऊजी मात्र दर थोड्या वेळाने फोन उघडून बघायचे. तिसऱ्या वाचकावर त्यांचा भारी जीव होता. तो परत येईल म्हणून त्यांनी काथ्यावर दोन भाग लिहिले. तो काही परत आला नाही.

मग ते शिकायला लागले. वाचक कसे वाढवावेत, टिप कशी मिळवावी, यावर लिहिणारे उंटावरचे शहाणे पैशाला पासरी आहेत. त्यांची सगळी पथ्यं भाऊजींनी पाळली. मथळ्यात आकडा हवा म्हणून लिहिलं, 'तुमचा सोफा तुमच्यापासून लपवत असलेल्या सात गोष्टी'. सातवी सुचेना म्हणून पहिलीच उलटी करून पुन्हा घातली. शेवटी वाचकाला प्रश्न विचारावा म्हणजे तो बोलता होतो, म्हणून विचारलं, 'तुमच्या घरातल्या स्प्रिंगांची तब्येत कशी आहे? जरूर कळवा.' कुणीही कळवलं नाही. खाली एकच प्रतिक्रिया आली, ती वजन कमी करायची पावडर विकणाऱ्याची. भाऊजींनी त्याचेही मनापासून आभार मानले आणि जड माणसांनी कोणता फोम वापरावा ते त्याला समजावून सांगितलं.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे, तो इथे सांगायला हवा. जुना सोफा उसवला की त्याच्या पोटातून काहीबाही निघतं. नाणी, पेनांची टोपणं, केसांच्या पिना, हरवलेली म्हणून मोलकरणीवर आळ घेतलेली अंगठी. जे निघेल ते कापडी पिशवीत टाकायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि सोफ्याबरोबर परत द्यायचं. न्याहाळायचं नाही, विचारायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. ज्या उस्तादांकडे भाऊजी शिकले त्यांनी पहिल्या दिवशी हातोडीच्या आधी हा नियम हातात दिला होता. लोक आपल्याला त्यांच्या बैठकीची खोली उसवायला देतात, असं ते म्हणायचे म्हणे. भाऊजींनी तो नियम इतकी वर्षं पाळला. तोंडात खिळे असल्यामुळे फारसं जडही गेलं नाही.

पण एका आठवड्यात लिहायला काही उरलं नाही. फोम संपला, काथ्या संपला, स्प्रिंगांवर तर वाचकांनी मौनच धरलेलं. तेव्हा त्यांनी सहज एका खुर्चीतून निघालेल्या मोज्याबद्दल लिहिलं. तान्ह्या बाळाचा पिवळ्या लोकरीचा अर्धवट विणलेला मोजा, सुया तशाच अडकलेल्या. खुर्ची कुणाची ते लिहिलं नाही. इतकंच लिहिलं की विणणारी उठली का असेल आणि परत का बसली नसेल, या विचाराने माझं दुपारभर कामात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्या टेबलासमोर बसलेली एक बाई ते वाचत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे माझे भाऊजी. पण तिचा जबडा बधिर केलेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे मला ठरवता येईना, म्हणून गप्प बसले.

प्रतिक्रिया नुसत्या कोसळल्या. गंमत म्हणजे मोज्याबद्दल थोड्याच होत्या. जो तो आपलं सांगत होता. कुणाचं आईचं घड्याळ गेलेलं, कुणाची लहानपणीची शिट्टी, कुणी अर्धा स्वेटर माळ्यावर टाकून दिलेला. आणि सांगून झालं की जाता जाता टिपचं बटण दाबत होते. भाऊजींना वाटलं, आपली शैली. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं की लोक तुम्हाला पैसे देत नाहीयेत, त्यांच्या स्वतःच्या आठवणीला देताहेत, तुम्ही फक्त पेटी फिरवताय. दवाखान्यातही मी हेच बघते. शेजारच्याची दाढ कशी दुखते यात कुणाला रस नसतो, पण त्याने सुरुवात केली की प्रत्येकाला आपली दाढ आठवते. भाऊजींनी हे ऐकून घेतलं आणि प्रत्येक प्रतिक्रियेला स्वतंत्र उत्तर लिहायला बसले. ही त्यांची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. शिट्टीवाल्याला त्यांनी शिट्टी कुठल्या रंगाची होती ते विचारलं होतं.

त्यानंतर मोजमाप बिघडलं. आंधळा मागतो एक डोळा, तशी भाऊजींची गत झाली आणि मिळाले दोन. दर आठवड्याला सोफ्याच्या पोटातलं काहीतरी चव्हाट्यावर यायला लागलं. वाचकांनी त्यांना 'सोफासम्राट' ही पदवी दिली, ती त्यांनी विरोध न करता स्वीकारली. फोम नीट आहे, नुसतं कव्हर बदला असं गिऱ्हाईक म्हणालं तरी आता ते तळ उघडून बघू का म्हणून विचारायचे. एका आठवड्यात नुसती शेंगदाण्याची टरफलं निघाली तर चेहरा असा पाडून घरी आले की ताईला वाटलं कुणी गेलं की काय. तिला हे सगळं पसंत नव्हतं. पिशवी बांधून द्यायची असते, ती उघडून दाखवायची नसते, असं ती दोनदा म्हणाली. भाऊजी म्हणाले, मी नाव थोडंच लिहितो. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. ताई तिसऱ्यांदा बोलत नाही तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे, पण हे कळायला नवऱ्याला फार वर्षं लागतात.

अशात एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा सोफा दुकानात आला. दोन माणसांचा, लाकडी हातांचा, जुना पण भारदस्त. बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्या एकट्याच राहत, आणि त्या सोफ्यावर बसूनच दिवस काढत. त्यामुळे सोफा लवकर द्या, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. भाऊजींनी तो उसवला आणि डाव्या हाताच्या बाजूने, बैठकीच्या खूप आतून, एक हातरुमाल निघाला. रुमालाच्या कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याने काढलेलं पान. आत नीट गुंडाळून ठेवलेलं कानाचं मशीन.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं मशीन सोफ्यात, तेही रुमालात बांधून. वाचकांना यापेक्षा जास्त काय हवं? भाऊजींनी मीठमिरची लावून लिहिलं. एका नवऱ्याने बायकोचा तोंडाचा पट्टा ऐकण्यापेक्षा कानच सोफ्यात पुरून टाकले, अशा थाटाचा लेख होता, आणि खोटं कशाला बोला, वाचताना मीही हसले. दवाखान्यात तर डॉक्टर तोंडात आरसा धरून असताना रोगी तो लेख आठवून हसायला लागला आणि त्यांनी मला बाहेर येऊन विचारलं की हे काय चाललंय. त्या लेखाला मिळाली तेवढी टिप भाऊजींना आजवरच्या सगळ्या लेखांना मिळून मिळाली नव्हती. त्यांनी ताईला विचारलं, काय आणू तुला. ती म्हणाली, रुमालावरचं पानसुद्धा लिहायची काय गरज होती?

भाऊजींचं म्हणणं, बारकावा असला की लोकांना खरं वाटतं. त्यात ते चुकीचे नव्हते.

बाईंचा एक जुना विद्यार्थी होता. चांगला मोठा झालेला, दूर राहणारा, अधूनमधून बाईंना फोनवर विनोद पाठवणारा. त्याला कशाचीच कल्पना नव्हती. त्याने तो लेख बाईंना पाठवला आणि वर लिहिलं, 'बाई, वाचा, पोट धरून हसाल.'

बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. मी तेव्हा तिथे होते, कारण दवाखान्यातल्या स्टुलाची गादी फाटली होती आणि ते स्टूल घेऊन गेले होते. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली, भिंतीला कापडांचे तागे उभे, आणि खळीचा व फोमचा वास. बाई उंबऱ्यावर थांबल्या. नीट इस्त्री केलेले कपडे, हातात छत्री, पाठ ताठ. मी शाळेत नसूनही उभी राहिले. भाऊजींच्या तोंडात नेहमीप्रमाणे खिळे होते आणि समोर बाईंचाच सोफा होता, नवीन कव्हर अर्धं चढवलेला.

बाईंनी आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, भाऊजींना तो झेलता आला असता. त्यांनी विचारलं, माझा रुमाल द्याल का? भाऊजींनी पिशवी काढून दिली. बाईंनी रुमाल उघडला, मशीन तळहातावर घेतलं, आणि शेल्फवरची धूळ पुसावी तसं एका बोटाने पुसलं. मग सांगितलं की हे हरवलं तेव्हा सगळं घर पालथं घातलं होतं. यजमानही त्यांच्याबरोबर शोधत होते, कपाटाखाली वाकून, गुडघे दुखत असताना. दुसरं मशीन त्यांनी घेऊ दिलं नाही, आता काय ऐकायचं राहिलंय म्हणाले. शेवटचं वर्ष बाई बोलत राहिल्या आणि ते हसून मान हलवत राहिले.

"मला तुमच्याशी भांडायचं नाही," बाई म्हणाल्या. "मला फक्त एक सांगा. लिहिलंय तसं, त्यांनी ते खरंच टाकून दिलं होतं का?"

आता मला भाऊजींची दया यायला लागली. पाचावर धारण बसलेला माणूस मी दवाखान्यात रोज बघते, पण त्याच्या तोंडात खिळे नसतात. त्यांनी एकेक खिळा काढून टेबलावर ठेवला. घाई केली नाही, किंवा घाई करायची हिंमत झाली नाही. मग कोपऱ्यातल्या जुन्या कापडांच्या ढिगात हात घालून सोफ्याचं उतरवलेलं कव्हर शोधून काढलं आणि बाईंसमोर पसरलं.

डाव्या हाताशी, जिथे बैठक आणि बाजू मिळतात तिथली शिलाई सैल झाली होती. दोन बोटं जातील एवढीच. उसवलेली नव्हे, फाटलेली नव्हे, तर रोज रोज हाताळून मऊ पडलेली. भोवतीचं कापड तेवढ्यापुरतं गुळगुळीत झालं होतं.

"टाकून दिलं असतं तर असं होत नाही," भाऊजी म्हणाले. "एकदाच आत गेलेल्या वस्तूची अशी वाट पडत नाही. ते रोज आत ठेवत असणार आणि रोज काढत असणार. बरीच वर्षं. मग एक दिवस ते आतल्या पट्ट्याच्या पलीकडे घसरलं. तिथे बोट पोचत नाही. मलाच पक्कड घालावी लागली."

बाईंनी आपली दोन बोटं त्या फटीत घातली आणि काढली. पुन्हा घातली.

मग त्यांना आठवायला लागलं. दुपारचं जेवण झालं की दोघं सोफ्यावर बसायची, ते डावीकडे, या उजवीकडे. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न मशीनमधून फार मोठे ऐकू येतात अशी त्यांची तक्रार असायची. तासभर बाई बोलायच्या, शाळेतलं, शेजारचं, काय वाटेल ते. ते त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. चार वाजता चहा झाला की उठायचे, आणि तेव्हा कुणाचा फोन आला तर त्यांना नीट ऐकू यायचं. म्हणजे तोवर मशीन परत कानात असायचं. आणि ते हरवलं तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक होतं ते कुठे आहे. पण सांगणार कसे? सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की इतकी वर्षं दुपारी तू बोलतेस तेव्हा मी ते काढून ठेवतो. त्यापेक्षा कपाटाखाली वाकणं सोपं.

हे सगळं बाई स्वतःशी बोलावं तसं बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

त्यांनी कव्हराची घडी घातली आणि नवीन कव्हराकडे बोट केलं. "ही फट याला नाही."

भाऊजी म्हणाले, नाही, नवीन शिलाई आहे, पक्की केलीय.

"ती तेवढी उघडी ठेवा."

ज्या माणसाने एका वाकड्या टाक्यासाठी अख्खी बैठक पुन्हा उसवलेली मी पाहिली आहे, त्याला हे सांगणं म्हणजे सुताराला टेबलाचा पाय डुगडुगता ठेवायला सांगण्यासारखं होतं. ते "हूं" म्हणाले. तोंडात एकही खिळा नव्हता.

बाई छत्री उचलून निघाल्या आणि उंबऱ्यावर वळल्या. शाळेत पोर चुकलं की विचारतात तसं, न रागावता, उत्तराची वाट बघत त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला सोफा उसवला तेव्हाच दिसलं होतं ना? मग लिहिलं का नाही?"

 भाऊजींचं हे एक बरं आहे, वेळ आली की ते खोटं बोलत नाहीत.

"याला लोक हसले नसते, बाई."

"मी हसले असते," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

मी तिथेच स्टूल धरून उभी. इतक्या वर्षांत भाऊजींची टर उडवायची एकही संधी मी सोडलेली नाही, ती पहिली. त्यांनी फोन माझ्यापुढे केला आणि लेख काढून कसा टाकतात ते विचारलं. लिहायला, सजवायला, मिरवायला शिकले होते, काढायला मी त्यांना शिकवलंच नव्हतं. फोनने विचारलं की नक्की का, प्रतिक्रियाही जातील. त्यांनी बटण दाबलं. मागाहून वाचकांनी फार ओरड केली, सोफासम्राट घाबरला म्हणाले, काहींनी टिप परत मागितली आणि भाऊजींनी ज्याने ज्याने मागितली त्याला दिली. आता ते पुन्हा फोमवर लिहितात. वाचक दहा-बारा आहेत, परदेशातलाही एक आहे, तो जुनाच आहे असं भाऊजींचं ठाम मत आहे. ताईला मात्र पुन्हा सगळं ऐकावं लागतं. परवा ती म्हणाली, बोलू दे गं, मी काय रोज ऐकते थोडीच, आणि भाजी चिरत राहिली.

हे लिहायला मी बाईंची परवानगी घ्यायला गेले होते. ती घेतल्याशिवाय आता आमच्या घरात कुणी काही लिहीत नाही. त्यांनी सगळं वाचून घेतलं, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाल्या, चालेल. मग चहा करायला आत गेल्या. सोफा खिडकीपाशी होता, नव्या कव्हरात देखणा दिसत होता. मी डाव्या बाजूला टेकणार तोच आतून आवाज आला.

"तिथे नको, अगं. इकडच्या बाजूला बस."

मी उजवीकडे सरकले. बाई चहा घेऊन आल्या, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि बोलायला लागल्या, शाळेतलं, शेजारचं, काय वाटेल ते. बोलताना मधूनच त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या आणि हसत होत्या.